दोन पाळण्यांचा हिशेब

घरात मूल जन्माला येणार ही वार्ता कळताच वडीलधारी मंडळी मनातल्या मनात खर्चाचा आडाखा बांधू लागतात. हा आडाखा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर आधारलेला असल्यामुळे तो सहसा फारसा चुकत नाही. परंतु सोनोग्राफीच्या पडद्यावर एकाऐवजी दोन हृदयांची धडधड दिसू लागली, की हा संचित अनुभव अपुरा पडतो. आनंद दुप्पट, काळजी दुप्पट आणि खर्चही दुप्पट, असे मानून कुटुंब कामाला लागते. आणि नेमकी येथेच पहिली चूक होते.

वस्तुतः जुळ्यांचा खर्च सरसकट दुप्पट होत नाही. काही बाबींचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. उदाहरणार्थ, प्रवास, प्रसूतिगृहातील खाट आणि मातेची औषधे. लंगोट, दुपटी, लसीकरणासाठीच्या फेऱ्या यांसारख्या काही बाबींचा भार खरोखरच दुप्पट होतो. पण त्या थोड्या विचाराने पुष्कळ स्वस्तात भागवता येतात. तिसरा वर्ग मात्र असा आहे, की ज्याचा खर्च कित्येक पटींनी वाढू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या अर्भकांची शुश्रूषा हा तो वर्ग होय. पहिल्या दोन वर्गांत वाचवलेला पैसा तिसऱ्या वर्गासाठी राखून ठेवणे, हेच जुळ्यांच्या तयारीतील काटकसरीचे खरे सूत्र आहे. येथे काटकसर म्हणजे केवळ कमी खर्च करणे नव्हे; जेथे जीव टांगणीला लागू शकतो तेथे हात आखडता घ्यावा लागू नये, म्हणून इतरत्र तो आवरणे होय.

जुळी होतात कशी

जुळ्यांचे दोन प्रकार आहेत. एकच फलित बीज प्रारंभीच्या दिवसांत दुभंगले, तर एकबीज जुळी निर्माण होतात. ती लिंगाने एकच आणि रूपाने बहुधा हुबेहूब असतात. याउलट एकाच वेळी दोन स्वतंत्र बीजे फलित झाली, तर द्विबीज जुळी जन्मतात. ती एकाच दिवशी जन्मलेली साधी भावंडेच असतात. एकबीज जुळ्यांचे प्रमाण जगभर जवळजवळ सारखे, म्हणजे दर हजार प्रसूतींमागे चारच्या आसपास आढळते. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण मात्र वंश, मातेचे वय व तिच्या माहेरची परंपरा यांनुसार बदलते. नायजेरियातील योरुबा लोकांमध्ये ते फार मोठे आहे. भारतात ते तुलनेने कमी आहे. तथापि, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोडिन्ही या गावासारखी अपवादात्मक ठिकाणे आपल्याकडेही आहेत. वंध्यत्वावरील उपचारांमुळे अलीकडच्या दशकांत शहरांतून जुळ्या-तिळ्यांच्या जन्मांत भर पडली आहे.

हे शास्त्र खर्चाच्या हिशेबात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की दोन्ही गर्भांची वार स्वतंत्र आहे की सामाईक आहे, यावर पुढील सारे वेळापत्रक अवलंबून असते. सामाईक वार असेल, तर एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहण्याचा धोका असतो. त्यामुळे सोळाव्या आठवड्यापासून साधारणतः दर पंधरवड्याला सोनोग्राफी करावी लागते. वार स्वतंत्र असल्यास महिन्यातून एकदा केलेली तपासणी बहुधा पुरेशी ठरते. हा भेद अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान सर्वांत स्पष्ट दिसतो. पुढे तो ओळखणे कठीण होत जाते. म्हणून या काळातील एक सोनोग्राफी चुकवून जे थोडे पैसे वाचतात, ते पुढे अनिश्चिततेपोटी कराव्या लागणाऱ्या अनेक तपासण्यांत सहज खर्ची पडतात. ही बचत बचतच नव्हे.

आखूड झालेली दिनदर्शिका

जुळ्यांच्या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काळ. एकुलत्या गर्भाचे पूर्ण दिवस चाळीस आठवड्यांचे मानले जातात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले मात्र सदतीस आठवडे भरण्यापूर्वीच जन्मतात. तिळ्यांचा जन्म तर बहुधा बत्तीस-तेहेतीस आठवड्यांच्या सुमारास होतो.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या शहरातील छापखान्यात काम करणारा एक गृहस्थ महिन्याला ३,००० रुपये बाजूला टाकू शकतो, आणि त्याची पत्नी घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावते. बाराव्या आठवड्यात त्यांना आगामी बाळंतपणाची जुळवाजुळव सुरू करायची आहे. मूल एकच असेल, तर चाळिसाव्या आठवड्यापर्यंत अठ्ठावीस आठवडे, म्हणजे सुमारे साडेसहा महिने हाती आहेत. बचत होईल १९,५०० रुपये. जुळी छत्तिसाव्या आठवड्यात जन्मली, तर हाती चोवीस आठवडे, म्हणजे साडेपाच महिने राहतात. बचत १६,५०० रुपयांवर थांबते. तिळी असतील, तर कालावधी साडेचार महिन्यांवर येतो आणि बचत १३,५०० रुपयांच्या पलीकडे जात नाही. शिवाय शिवणयंत्र सहाव्या-सातव्या महिन्यातच बंद पडण्याचा संभव आहे. गरज वाढते तसतशी मुदत घटत जाते, असा हा उलटा हिशेब आहे.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा, की कपडे, कागदपत्रे, वाहनाची सोय, मोठ्या मुलाला कोणाकडे ठेवायचे याचा निर्णय, ही सर्व तयारी अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत पुरी झाली पाहिजे. दुसरा निष्कर्ष असा, की जमवलेल्या रकमेतील निदान अर्धा भाग जन्मापूर्वी मोडता कामा नये. एक छोटी रक्कम तर घरातच, रात्री-अपरात्री निघावे लागल्यास हाताशी येईल अशी ठेवावी.

येथे एका समजुतीचाही विचार केला पाहिजे. जुळी असल्याचे कळताच गर्भिणीने अंथरुणाला खिळून राहावे, असा सल्ला पुष्कळदा शेजारीपाजारी देतात. परंतु केवळ पूर्ण विश्रांतीमुळे जुळ्यांची अकाली प्रसूती टळते, असे अभ्यासांतून आढळलेले नाही. जड कामे टाळणे आणि थकवा येताच थांबणे निराळे; भीतीपोटी चालते उत्पन्न चौथ्या महिन्यातच बंद करणे निराळे. काम केव्हा सोडावे हे डॉक्टरांनी मातेची प्रकृती पाहून ठरवावे.

प्रसूतीची जागा

जुळ्यांच्या बाबतीत रुग्णालयाची निवड हा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय होय. घराजवळचे लहान प्रसूतिगृह स्वस्त व आपुलकीचे असते. पण तेथे नवजात अर्भकांचा विशेष कक्ष नसेल, तर दोन किलोपेक्षा कमी वजनाची दोन बाळे घेऊन दुसरे रुग्णालय गाठावे लागते. माता एकीकडे, बाळे दुसरीकडे आणि पिता दोन्हीकडच्या बिलांमध्ये, असे चित्र निर्माण होते. अशा अर्भकांना हलवण्याचे सर्वांत सुरक्षित व सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मातेचे उदर. म्हणून जेथे विशेष कक्ष आहे तेथेच प्रसूतीपूर्वी नाव नोंदवणे हे शहाणपणाचे ठरते.

भारतातील बहुसंख्य जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजातांसाठी विशेष शुश्रूषा कक्ष आहेत. खाजगी अतिदक्षता विभागात दिवसागणिक आकारणी होते आणि जुळ्यांच्या बाबतीत ती दोन खाटांची होते. काही आठवड्यांच्या मुक्कामात मध्यम वर्गातील कुटुंबाचीही आयुष्यभराची पुंजी संपू शकते. म्हणून, पुढे खाजगी रुग्णालयात जायचे ठरले तरी, जवळच्या सरकारी कक्षाची माहिती आधीच करून घ्यावी. रुग्णालय पाहायला जाताना तीन प्रश्न विचारावेत : नवजातांचा कक्ष याच इमारतीत आहे काय, एका अर्भकाचा दिवसाचा खर्च किती, आणि मातेला कक्षात बाळांजवळ राहू देतात काय. तिसरा प्रश्न केवळ भावनेचा नाही, हे पुढे दिसेलच.

चौतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याची चिन्हे दिसल्यास मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यामुळे बाळांची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरेशा सोयी असलेल्या रुग्णालयांत या औषधाने नवजातांचे मृत्यू घटल्याचे आढळले. हे औषध अगदी स्वस्त आहे. महाग पडतो तो रुग्णालयात पोहोचण्यास झालेला उशीर. पोटात नियमाने कळा येणे, पाणी जाणे, रक्त दिसणे, तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच उजाडण्याची वाट न पाहता निघावे.

हक्काची मदत

पुष्कळ कुटुंबे कर्ज काढतात, परंतु जी मदत हक्काने मिळते ती घेत नाहीत. यात संकोचाइतकाच माहितीच्या अभावाचा वाटा असतो.

१ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि मातेचे जेवण विनामूल्य आहे. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी पोहोचवण्याची सोयही त्यात येते. आजारी नवजाताच्या उपचारांची सवलत आरंभी तीस दिवसांपर्यंत होती; ती पुढे एक वर्षाच्या बालकांपर्यंत वाढवण्यात आली. जुळ्यांच्या दृष्टीने ही वाढ फार मोलाची आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांतून गर्भवतींची विशेष तपासणी मोफत होते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. त्यात कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही. म्हणून दोन बाळांची भर पडल्याने कोणी वगळले जात नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. दुसऱ्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली व त्यांत एक जरी मुलगी असली, तरी ही रक्कम देय ठरते. अंगणवाडीतील पूरक आहार गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने मिळतो. नोंदणी मात्र लवकर केली पाहिजे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली आणि दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या मातेची सवेतन रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच मुदत ठेवली आहे. जुळी झाली म्हणून ती वाढत नाही. यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात; पण ते सर्व आधीच घेतले, तर दोन तान्ह्यांसाठी अठराच आठवडे उरतात. प्रकृती अनुमती देत असेल, तर जन्मानंतरच्या दिवसांसाठी रजा राखावी. अकाली प्रसूती किंवा बाळंतपणामुळे उद्भवलेले आजारपण यांसाठी आणखी एक महिन्यापर्यंत सवेतन रजेची तरतूद कायद्यात आहे. जुळ्यांच्या मातांना तिची गरज वारंवार पडते. परंतु वैद्यकीय दाखला जोडून तिची मागणी करावी लागते.

मातेचे ताट

काटकसरीचा हात ज्या ठिकाणी कधीही जाऊ नये, ते ठिकाण म्हणजे मातेचे ताट. दोन गर्भांचे पोषण करणाऱ्या स्त्रीला एका गर्भाच्या मातेहून अधिक उष्मांक, प्रथिने व लोह लागते. ताटात वाचवलेल्या पैशाची भरपाई बाळांच्या वजनातून होते, आणि कमी वजनाची भरपाई रुग्णालयाच्या बिलातून.

परंतु अधिक खाणे म्हणजे महाग खाणे नव्हे. सुबक डब्यांतून विकल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीवर शेकडो रुपये खर्च होतात. तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात. बिहारचे सत्तू, कर्नाटकातील नाचणीची मुद्दे, बंगालमधील लहान मासे, महाराष्ट्रातील मोडाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी, अशा प्रत्येक प्रांताच्या स्वयंपाकघरात स्वस्त व कसदार पदार्थ आहेतच. जुळ्यांमुळे पोटावर दाब वाढतो आणि एका वेळी फार खाल्ले जात नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोयीचे पडते. लोह व फॉलिक आम्लाच्या, तसेच कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही.

बाळंतविडा

बाजारातील बाळंतविड्याचे प्रदर्शन पाहून जुळ्यांच्या मातापित्यांचे मन सहज मोहात पडते. सर्व काही जोडीने, एकसारखे असावे, ही हौस स्वाभाविक आहे. तथापि, जुळी बाळे बहुधा लहान असतात. आधी घेतलेले कपडे जन्मतः मोठे होतात आणि काही आठवड्यांनी तेच तोकडे पडतात. भारतात १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी असल्यामुळे मुलगा-मुलगी यांनुसार आधी खरेदी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि अनेक घरांतून जन्मापूर्वी नवे काही विकत आणू नये, अशी रीतही आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती रीत कुटुंबाच्या पथ्यावरच पडते.

पहिल्या दिवसांचा खरा प्रश्न लंगोटांचा असतो. एका तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. दोघांना वीस ते चोवीस. धुऊन वाळण्यास एक दिवस धरला, तर चार डझन हाताशी हवेत. पावसाळ्यात पाच डझन. सुमारे साडेपाच मीटर लांब व एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद अशा जुन्या सुती साडीतून पंचावन्न सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात. म्हणजे तीन जुन्या साड्यांत पाच डझन लंगोटांची बेगमी होते. याउलट, एकदा वापरून फेकण्याचे लंगोट प्रत्येकी दिवसाला आठ धरले, तरी दोघांचे महिन्याला ४८० होतात. प्रवासाला किंवा रात्रीपुरते ते जरूर वापरावेत. त्यांवरच सारी भिस्त ठेवली, तर ते घरातील एक कायमचे बिल होऊन बसते. ज्या घरी पाण्याची टंचाई आहे आणि धुण्यास माणूस नाही, तेथे मात्र हा हिशेब बदलतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

जुन्या मऊ कापडाचा उपयोग ही भारतीय गृहिणीची फार जुनी विद्या आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, महाराष्ट्राची गोधडी या सर्वांचे मूळ वापरून मऊ झालेल्या वस्त्रांच्या थरांत आहे. नात्यातील व शेजारातील मुलांची झबली, टोपडी, दुपटी मागून घेण्यात कमीपणा नाही. ती उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत म्हणजे झाले. पाळण्याविषयी मात्र सावधगिरी हवी. साडीची खोल झोळी स्वस्त असते, परंतु कमी वजनाच्या बाळाची मान तिच्यात मुडपून श्वासाला अडथळा येऊ शकतो. प्रारंभीच्या महिन्यांत सपाट, घट्ट अंथरुणावर, उशीवाचून, प्रत्येकाला पाठीवर निजवणे अधिक सुरक्षित आणि तितकेच स्वस्त होय. न्हाणीघरातील टब, खेळण्यांचे झुंबर, जोडगाडी इत्यादी वस्तूंची खरेदी सहा महिने पुढे ढकलल्यास त्यांपैकी बहुतेकींची गरज नव्हतीच, असे आढळून येते.

दोघांना पुरेल एवढे दूध

‘एकट्या आईचे दूध दोघांना कसे पुरणार?’ हा प्रश्न जुळ्यांच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. आणि या एका प्रश्नामुळे कुटुंबाचा जेवढा पैसा खर्च होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशामुळे होत असेल. स्तनांतील दूध हा मोजून भरलेला साठा नव्हे; जेवढे ओढले जाते तेवढे पुन्हा निर्माण होते. दोन बाळे ओढतात, म्हणून दूधही अधिक येते. १९८६ साली ऑस्ट्रेलियात केलेल्या मोजणीत जुळ्यांच्या काही मातांना दिवसाला दोन लिटरपर्यंत दूध येत असल्याचे दिसून आले.

भुकटीच्या दुधाचा हिशेब करून पाहावा. चार किलो वजनाच्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० मिलिलिटर दूध लागते आणि त्यासाठी जवळजवळ ८० ग्रॅम भुकटी खर्च होते. महिन्याला २,४०० ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमचे सहा डबे झाले. जुळ्यांचे बारा. त्यात इंधन, बाटल्या आणि हगवणीच्या आजारावरील औषधोपचार मिळवले, म्हणजे या सोयीची खरी किंमत लक्षात येते. बाळांच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी घातली आहे, ती विनाकारण नव्हे.

याचा अर्थ मातेवर सर्व भार टाकून मोकळे व्हावे, असा नाही. प्रत्येक बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पिते. दहा वेळा, दर वेळी अर्धा तास धरल्यास निराळे पाजण्यात दहा तास जातात. दोघांना एकदम पाजल्यास पाच. उशांचा आधार देऊन दोन्ही काखांखाली दोन बाळे घेण्याची रीत रुग्णालयातील परिचारिकेकडून शिकून घ्यावी. अशक्त बाळ ओढू शकत नसेल, तर दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे; ही भांडी बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवण्यास सोपी असतात. आरंभी मातेचे दूध कमी पडले, तर काही शहरांतून मातृदुग्धपेढ्यांचे साहाय्य मिळते. अशी आशियातील पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आणि वैद्यकीय कारणाने भुकटीचे दूध द्यावेच लागले, तर मातेने त्यात अपराध मानू नये. मात्र भुकटी पुरवण्यासाठी त्यात प्रमाणाबाहेर पाणी घालण्याची काटकसर कधीही करू नये. ती बाळाच्या जिवावर बेतते.

उबेचा प्रश्न

कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली एका प्रसूति-रुग्णालयापुढे मोठा पेच होता. अपुऱ्या दिवसांची बाळे पुष्कळ आणि त्यांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या थोड्या. एकेका पेटीत दोन-दोन बाळे ठेवल्याने संसर्ग पसरत होता. डॉ. एडगर रे यांनी तेव्हा एक साधा मार्ग काढला. बाळाला केवळ टोपरे व लंगोट घालून मातेच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि वरून कापडाने बांधायचे. पिलाला पोटपिशवीत वाढवणाऱ्या कांगारूवरून या पद्धतीस ‘कांगारू माता शुश्रूषा’ असे नाव पडले.

टंचाईतून जन्मलेला हा उपाय महागड्या उपायाहून सरस ठरला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या देशांतील पाच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेल्या बाळांना जन्मल्यापासूनच अशी ऊब देण्यात आली. प्रकृती स्थिरावल्यावर ऊब दिलेल्या बाळांपैकी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत १५.७ टक्के दगावली, तर प्रारंभापासून दिलेल्यांपैकी १२ टक्के. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या चाचणीत सहभागी होते. मातेला बाळांजवळ राहू देतात काय, हा प्रश्न आधी विचारण्याचे कारण हेच.

जुळी असताना दोन्ही बाळे मातेच्या छातीशी मावतात. मातेला विसावा हवा असेल, तेव्हा एक पित्याकडे आणि दुसरे आजीकडे द्यावे. दिवसातून निदान आठ तास, आणि जमल्यास अधिक काळ हे करायचे असते. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक पंचा आणि घरातील माणसांचा वेळ.

माणसांचे बळ

हा वेळ कोठून आणायचा, हाच अखेरचा आणि कदाचित सर्वांत मोठा खर्च आहे. जुळ्यांच्या पहिल्या तीन महिन्यांत एका स्त्रीने सर्व सांभाळणे जवळजवळ अशक्य असते. आहेर आणू इच्छिणाऱ्या आप्तांना स्पष्टपणे सांगावे, की कपड्यांचा तिसरा जोड नको. आठवड्यातून दोन दिवसांचा स्वयंपाक, किंवा रात्री दोन तास बाळ घेऊन बसणे, हाच मोठा आहेर. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत ठरावीक दिवशी घरी येऊन बाळांचे वजन व प्रकृती पाहते. गृहभेटींची ही पद्धत मान्य होण्यास महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेले काम कारणीभूत ठरले. प्रशिक्षित खेडूत स्त्रिया घरोघरी जाऊन नवजातांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळू शकतात, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. आशेला दारातूनच परत पाठवणे म्हणजे विनामूल्य मिळणारे वैद्यकीय साहाय्य नाकारणे होय.

काही कामे कागदावरची असतात. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत केल्यास शुल्क पडत नाही. प्रत्येक बाळाची नोंद व दाखला स्वतंत्र असतो. लसीकरणाचे कार्डही प्रत्येकाचे निराळे हवे. एकाची लस दुसऱ्याच्या नावावर लिहिली गेल्याची उदाहरणे जुळ्यांच्या घरात विरळा नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमातील सर्व लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. दोन मुली असल्या, तर दोघींच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. या योजनेत एका कुटुंबाला एरवी दोनच खात्यांची मुभा आहे. परंतु पहिल्या मुलीनंतर जुळ्या मुली झाल्या, तर दाखले जोडून तिसरे खातेही उघडता येते. वर्षाला २५० रुपयांपासून या बचतीचा आरंभ करता येतो.

छापखान्यातील त्या गृहस्थाच्या १६,५०० रुपयांकडे शेवटी पुन्हा एकदा पाहावे. त्यांतून जोडगाडी व दोन पाळणे आले असते, तर बाळे छत्तिसाव्या आठवड्यात जन्मली त्या रात्री हाती काहीच उरले नसते. लंगोट जुन्या साड्यांतून झाले, कपडे मागून आणले, तपासण्या व गोळ्या हक्काने घेतल्या आणि जिल्हा रुग्णालयात नाव आधीच नोंदवले, तर त्यांतील बरीचशी रक्कम शिल्लक राहते. ती मातेच्या आहाराला, बाळे कक्षात असताना पित्याच्या बुडालेल्या रोजंदारीला आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांना उपयोगी पडते. पाळणे मागाहून येतील. बाळे घरी येणे अगोदर महत्त्वाचे.